त्वचेला ओव्हरटाइम नसतो

मी हाती घेतलेले काम ठरल्या मापात, ठरल्या वेळेत आणि कागदावर नोंदलेले असे पूर्ण झाले नाही, ही घटना माझ्या आयुष्यात एकदाच घडली आहे. ते काम म्हणजे माझा स्वतःचा चेहरा.

वाचकहो, आधी माझी ओळख करून देतो, कारण पुढची सगळी कथा ती ओळख पटवून देण्याचीच आहे. मी भीमराज हिवाळे. वय वर्षे सदुसष्ट. सरकारी तंत्रनिकेतनाची यंत्र अभियांत्रिकीची पदविका आणि त्यानंतर मुलुंडच्या एका कारखान्यात, टूलरूमच्या तपासणी विभागात छत्तीस वर्षे. माझ्या सहीशिवाय त्या कारखान्यातून धातूचा साधा बुशसुद्धा बाहेर पडत नसे. शतांश मिलिमीटरची चूक मी बोटाच्या टोकाने ओळखत असे, आणि चूक ज्याची असे तो मला नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखत असे. निवृत्तीनंतर ही शिस्त मी घरी आणली. आमची शकु म्हणते, या माणसाने कुकरच्या शिट्टीलासुद्धा सही करून पास केले आहे.

आता चेहऱ्याविषयी. १९६३ साली परतूरजवळच्या आमच्या गावात देवीची साथ आली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. साथ गेली, मी राहिलो. मात्र जाताना ती माझ्या कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर भेट दिल्याच्या खुणा ठेवून गेली. कारखान्यात माझ्यासमोर कोणी काही बोलले नाही. मागे मला 'चाळण' म्हणतात हे मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होते. पुढे बघण्याच्या कार्यक्रमात शकुने मान वर करून माझ्याकडे चांगले अर्धा मिनिट पाहिले आणि होकार दिला. कारण मी कधी विचारले नाही. पास झालेल्या मालाची फेरतपासणी स्वतःहून मागू नये.

अशा रीतीने बासष्ट वर्षे या चेहऱ्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. ती या ऑगस्टमध्ये निर्माण झाली.

आमचा विकी आणि सूनबाई मनाली मेलबर्नला असतात. त्यांची स्वरदा चार वर्षांची आहे. मनालीने पुन्हा नोकरी धरली म्हणून शकु एप्रिलमध्ये तिकडे गेली. मी इथे राहिलो, कारण माझा व्हिसा कुठल्याशा त्रुटीसाठी परत आला होता. अर्ज मीच भरला असल्यामुळे त्या विषयावर मी बोलत नाही. तेव्हापासून घरात मी, भिंतीवरचे घड्याळ आणि दिवाणखान्यातला पंखा. सोफ्याची खिडकीकडची जागा शकुची. आठ महिन्यांत मी तिथे एकदाही बसलो नाही. आणि स्वरदाला तर मी अजून उचललेलेच नव्हते. तिचे वजन मला किलोमध्ये ठाऊक होते, हातात नव्हते.

दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असे. ऑगस्टमधल्या एका रविवारी स्वरदाने पडद्यावर बोट ठेवले आणि विचारले, "आबा, तुला हे होल्स कोणी केले?"

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात तिचा चेहरा कसनुसा झाला आणि ती शकुच्या पदरात शिरली. विकीने पुष्कळ बोलावले, पण त्या दिवशी ती पुन्हा पडद्यासमोर आली नाही. "लहान आहे पप्पा, असू दे," असे म्हणून त्याने कॉल आटोपता घेतला.

वीस डिसेंबरला ते सगळे इकडे येणार होते. मी वहीचे नवे पान उघडले आणि लिहिले: नात घाबरते. कारण: पृष्ठभाग. उपाय: शोधणे.

उपाय मुलुंड पश्चिमेला सापडला. डॉक्टर श्रुतिका या वयाने माझ्या विकीहून लहान, पण कामाला चोख बाई आहेत. त्यांनी मायक्रोनीडलिंग नावाची पद्धत सांगितली. पेनासारखे एक यंत्र असते, त्याच्या टोकाला केसासारख्या बारीक सुया असतात आणि त्या त्वचेत सूक्ष्म छिद्रे पाडत जातात.

मी म्हणालो, "मॅडम, माझी अडचण खड्ड्यांची आहे. तुम्ही त्यात आणखी खड्डे पाडणार?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, त्वचेला वाटतं आपल्याला मार लागला. मग ती दुरुस्तीला माणसं पाठवते. ती माणसं नवं कोलॅजन तयार करतात, आणि जुने व्रणही हळूहळू भरत येतात."

म्हणजे खालच्या यंत्रणेला खोटी तक्रार करून तिच्याकडून जुने रखडलेले काम करून घ्यायचे. मुंबईत हयात गेलेल्या माणसाला हे तत्त्व दोनदा समजावून सांगावे लागत नाही. तरी मी सुयांची संख्या, त्यांच्यातले अंतर, त्या किती खोल जातात त्यातली टॉलरन्स, म्हणजे चालणारी कमीजास्त, आणि मोटारीचे फेरे विचारून घेतले. यंत्राचा कॅलिब्रेशनचा दाखला मागितला तेव्हा मात्र बाईंनी मला घोटभर पाणी दिले.

त्यांनी भिंग लावून चेहरा पाहिला. एकूण त्रेचाळीस खड्डे मी घरीच आरशात मोजून, क्रमांक देऊन, नकाशावर मांडून नेले होते. डाव्या गालाच्या हाडाखालच्या सतरा क्रमांकावर त्या थांबल्या. "हा सुईने भरणार नाही, काका. फार खोल आणि अरुंद आहे. याला वेगळे उपचार लागतात." मला वाईट वाटले. वहीत मी लाल शाईने नोंद केली: क्रमांक १७, अस्वीकृत.

वेळापत्रक मी शेवटाकडून सुरुवातीकडे आखले. वीस डिसेंबरला आगमन. त्याआधी पाच आठवडे त्वचेला कामासाठी. म्हणून तीन बैठका: सतरा सप्टेंबर, पंधरा ऑक्टोबर, बारा नोव्हेंबर. शकुला आणि पोरांना यातले काही सांगायचे नव्हते. विमानतळावर स्वरदा माझ्याकडे निर्धास्त पाहील आणि दोन्ही हात पुढे करील, एवढेच या योजनेचे अंतिम उत्पादन होते.

पहिल्या दोन बैठका निर्दोष पार पडल्या. बधिर करणारे मलम पाऊण तास, मग यंत्र, मग उन्हात भाजल्यासारखा तांबूस चेहरा, आणि दोन दिवसांत सगळे पूर्ववत. गुपित राखण्यासाठी मी रविवारच्या कॉलला फोन पाणी पिण्याच्या पेल्याला टेकवून वर वळवून ठेवू लागलो. तिकडे पडद्यावर आमचा पंखा दिसे. "अहो, तोंड दाखवा की," असे शकु म्हणे. मी म्हणे, कॅमेऱ्याचा स्क्रू ढिला झाला आहे. कॅमेऱ्याला स्क्रू नसतो हे तिला माहीत नव्हते, किंवा असावे. मागून स्वरदाही "आबाचं तोंड, आबाचं तोंड" करीत असे. माझे तोंड दिसणार नाही याची पोर खात्री करून घेते आहे, असे मी समजलो. आणि कॉल संपल्यावर बराच वेळ त्या पंख्याकडे पाहत बसे. तिकडून त्यांना तो दिसला होता, एवढाच आमच्यातला दुवा.

चूक नोव्हेंबरमध्ये झाली, आणि ती टूलरूमवाल्याशिवाय कोणाकडून होणार नाही.

वाचकहो, पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे डोळ्याने कळत नाही. आम्ही त्यावर मार्किंग ब्लू नावाची निळी शाई पातळ लावतो आणि सपाट पाटीवर दाबून बघतो. उंच भागाची शाई उठते, खोल भाग कोरा राहतो. दोन बैठकांनंतर खड्डे नक्की किती भरले याचा पुरावा मला हवा होता. जुन्या पत्र्याच्या डब्यात शाईची ट्यूब होती. नऊ नोव्हेंबरला, रविवारचा कॉल आटोपल्यावर, मी उजव्या गालाला शाई चोळली आणि ड्रॉइंगच्या कागदावर गाल दाबला.

ठसा अप्रतिम आला. छत्तीस वर्षांत इतका स्वच्छ ठसा मी पाहिला नव्हता. त्या आनंदात मी डावा गाल, कपाळ आणि हनुवटीही उरकली. मग तोंड धुवायला गेलो.

वरची शाई गेली. खड्ड्यांतली राहिली. साबण झाला, खोबरेल झाले, बेसन झाले. आरशात माझ्याकडे एक निळ्या ठिपक्यांचा गृहस्थ पाहत होता. दुपारी लिफ्टमध्ये पहिल्या मजल्यावरच्या लताबाई भेटल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मागे सरकल्या आणि जिन्याने गेल्या. त्यांचे गुडघे दुखतात.

बारा तारखेला डॉक्टर श्रुतिकांनी भिंग लावून निळे ठिपके पाहिले. मग त्यांनी विचारले, "काका, याच्यावर मी सुई चालवली असती तर काय झालं असतं, माहितीये? शाई आत गेली असती. आयुष्यभराचं गोंदण."

मी मान खाली घातली. माझ्यासमोर अशी मान खाली घातलेले लेथवरचे कितीतरी टर्नर मला आठवले. बैठक दोन आठवडे पुढे गेली. नवी तारीख सव्वीस नोव्हेंबर. आगमनापर्यंत साडेतीन आठवडे उरत होते. गणित अजून जमत होते.

सव्वीसला संविधान दिन. सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये उद्देशिकेचे वाचन माझ्याकडे असते. ते करून अकराला मी दवाखान्यात हजर झालो. शेवटची बैठक म्हणून बाईंनी सुया थोड्या खोल घेतल्या. निघताना सूचना दिल्या: ऊन नको, हळद-चंदन नको, आणि मोबाइल गालाला लावू नका, त्याच्यावर फार घाण असते. अर्धवट पालन मला जमत नाही. मी मोबाइल बंद करून कपाटात ठेवला आणि वर कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा इतका सुजला होता की चष्म्याच्या काड्या कानांपर्यंत पोहोचेनात. रंग बिटासारखा. पण बारकाईने पाहिले आणि हरखलो. सुजेमुळे खड्डे दिसत नव्हते. एकही नाही. बासष्ट वर्षांत प्रथमच माझा चेहरा सलग होता. फक्त तो माझा वाटत नव्हता.

त्याच दिवशी आठवले की हयातीचा दाखला राहिला आहे आणि नोव्हेंबर संपत आला आहे. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी यज्ञेश सगळ्या पेन्शनरांचा दाखला मोबाइलवर काढून देतो. चेहरा दाखवायचा, पापण्या मिटायच्या, आधारच्या फोटोशी जुळला की माणूस जिवंत. मी कपाटातून मोबाइल काढला, चालू न करताच खिशात टाकला आणि त्याच्याकडे गेलो.

दार उघडून यज्ञेश म्हणाला, "बोला, कोण पाहिजे?"

आवाजावरून त्याने ओळखले. यंत्राला ती सोय नव्हती. तीनदा प्रयत्न झाला. खिडकीपाशी, ट्यूबलाइटखाली, चष्मा काढून. शेवटी यज्ञेश म्हणाला, "काका, मी ओळखतो हो तुम्हाला. पण सिस्टीम म्हणते, हा माणूस तो नाही."

"मग तो माणूस कुठे आहे असे तिचे म्हणणे आहे?"

"ते ती सांगत नाही. परवापर्यंत सूज उतरवा, पुन्हा मारू."

तिथेच बसल्या बसल्या मी मोबाइल चालू केला. विकीचे अकरा कॉल येऊन गेले होते. खाली मनालीचा संदेश होता, आदल्या दुपारचा. विकीला कंपनीने डिसेंबरची रजा नाकारली आणि ताबडतोब घ्यायला सांगितली, म्हणून तिकिटे बदलली आहेत. सगळे निघत आहेत. अठ्ठावीस तारखेला, सकाळी अकराला मुंबई.

अठ्ठावीस म्हणजे उद्या.

मी डॉक्टरांना फोन लावला; गालापासून एक फूट दूर धरून, ओरडून. सूज उतरायला तीन दिवस लागत असतील तर तेच काम एका दिवसात होण्यासाठी काय करता येईल, असे विचारले.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "काका, त्वचेला ओव्हरटाइम नसतो."

रात्रभर मी दोन उशांवर डोके ठेवून सरळ पडून होतो. झोप नव्हती. आठ महिने ज्या दिवसाची वाट पाहिली तो सहा तासांवर आला होता, आणि तो पुढे ढकलला जावा असे वाटत होते, याची मला लाज वाटत होती.

विमानतळावर मी दीड तास आधी पोहोचलो. कोणी न ओळखण्याचा संभव लक्षात घेऊन पुठ्ठ्यावर ड्रॉइंगच्या सरळ अक्षरांत 'हिवाळे' असे लिहून नेले होते. साडेबाराच्या सुमारास ते चौघे बाहेर आले. विकी माझ्या अंगावरून पुढे गेला. मनाली पुठ्ठा वाचून थबकली, माझ्याकडे पाहिले आणि कोणी ड्रायव्हर पाठवला आहे का, असे विकीला विचारू लागली.

शकुने पुठ्ठा वाचला नाही. दुरूनच ती थेट माझ्या दिशेने आली. मी उभा कसा राहतो हे तिला पुरेसे होते.

"हे काय करून घेतलंत?" ती म्हणाली. एवढेच म्हणाली, आणि माझ्या शर्टाचे वरचे बटण लावले. आठ महिन्यांत ते कोणी लावले नव्हते.

मी गुडघ्यांवर बसलो आणि हात पुढे केले. स्वरदाने माझ्याकडे पाहिले. कपाळाकडे पाहिले, गालांकडे पाहिले, मान वाकडी करून हनुवटीखालीही पाहिले. मग आजीचा पदर ओढून म्हणाली, "हे आबा नाहीत. आबांना होल्स असतात."

टॅक्सीत मी पुढे बसलो. मागून शकुने जे सांगितले ते मी समोरच्या काचेकडे पाहत ऐकले. त्या ऑगस्टमधल्या रविवारी पोर घाबरली नव्हती. आबाला कोणी तरी टोचले, दुखत असेल, म्हणून रडत होती. शकुने तिला समजावले, दुखत नाही, मोजून बघ. तेव्हापासून रोज झोपताना माझ्या फोटोवर बोट ठेवून ती मराठी आकडे शिकत होती. वीसपर्यंत आली होती. आणि विमानात शकुने तिला बजावले होते की बाहेर पुष्कळ आजोबा उभे असतील, होल्सवाला आपला.

"मग मला सांगितले का नाहीस?"

"कोणाला सांगू?" शकु म्हणाली. "पंख्याला?"

घरी पोचलो. दार उघडताच स्वरदा आत धावली, वर पाहिले आणि आनंदाने ओरडली, "आबाचा फॅन!" मग त्याच्याखाली उभी राहून त्याला मेलबर्नची सगळी हकीकत सांगू लागली. माझ्यासाठी राखून ठेवलेली असावी.

दोन दिवस तिने मला 'अंकल' म्हटले. मी तिच्यासाठी केलेली खीर तिने घेतली आणि आबांना ठेवा म्हणाली. तीस तारखेला यज्ञेशने पुन्हा प्रयत्न केला आणि यंत्राने मला पास केले. सरकारच्या दृष्टीने मी हयात झालो होतो. नातीच्या दृष्टीने प्रकरण प्रलंबित होते.

त्या संध्याकाळी शकु भाजी निवडत होती. मी तिला विचारले, चाळीस वर्षांत प्रथमच विचारले, की तेव्हा अर्धा मिनिट ती काय पाहत होती.

"मोजत होते," ती म्हणाली. "अकरापर्यंत गेले, तेवढ्यात माझी आई म्हणाली चहा आण. राहिलेले मोजायला म्हणून हो म्हटलं." मग मेथीची जुडी माझ्यापुढे सारून म्हणाली, "सुया टोचून घ्यायच्या आधी मला विचारायचं तरी. मालक काय तुम्ही एकटेच आहात का त्या तोंडाचे?"

एक डिसेंबरला सूज पुरती उतरली. दुपारी मी सोफ्यावर बसलो होतो. स्वरदा खिडकीकडच्या जागेवर चढली आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मी हललो नाही. तिचे बोट पुढे आले आणि डाव्या गालाच्या हाडाखाली टेकले. बरोबर बसले. ज्याला आम्ही टूलरूममध्ये नेमके फिटिंग म्हणतो तसे.

"एक," ती म्हणाली.

तो क्रमांक सतरा होता.

ती माझ्या मांडीवर आली आणि पुढे मोजू लागली. कपाळ झाले, दुसरा गाल झाला. अकराला तिची गाडी अडली. बाकीचे उपचाराने इतके उथळ झाले होते की तिच्या बोटाला लागत नव्हते. तिने दोन्ही हातांनी माझे तोंड उजेडाकडे वळवले आणि विचारले, "आबा, बाकीचे कुठेत?"

माल कमी का भरला, हा प्रश्न छत्तीस वर्षे मी विचारला. उत्तर देण्याची पाळी त्या दिवशी प्रथम आली आणि मी तिला उचलून घेतले. तिचे वजन साडेपंधरा किलो आहे. कागदावर वाटते त्याहून पुष्कळ कमी लागते.

डॉक्टर श्रुतिका फोनवर म्हणाल्या की निकाल उत्तम आहे, आणि नवे कोलॅजन पुढचे सहा महिने तयार होत राहील. मी विचारले, ते थांबवता येईल का? त्यांनी विचारले, घरी कोणी आहे का, फोन त्यांच्याकडे द्या.

अकरा जानेवारीला ही मंडळी परत जायची आहेत. शकु मात्र आता इथेच राहणार आहे. स्वरदा पुन्हा येईल तोवर माझा चेहरा आणखी भरलेला असेल. किती, ते मी हिशेबाने सांगू शकतो, पण सांगत नाही. वहीत मी एकच दुरुस्ती केली आहे. क्रमांक १७ पुढचा 'अस्वीकृत' हा शेरा खोडून 'स्वीकृत' लिहिले आणि खाली तारखेसह सही केली.

बारापासून पुढचे आकडे स्वरदा आता शकुच्या कपाळावरच्या सुरकुत्यांवर मोजते. परवा शकुने आरशात बघत मला विचारले, "अहो, त्या तुमच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर काय?"

मी सांगितले, हरवला. माझ्याकडून काही हरवल्याची ही आयुष्यातली पहिलीच नोंद आहे, आणि ती खोटी आहे.